मानशीचं दार

जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत त्या सकाळी एक पिकअप उभी होती. हौद्यात कोबी, फ्लॉवर, टोमॅटोचे क्रेट, अंड्यांचे ट्रे आणि एका कडेला तांदळाच्या पोत्यांची थप्पी. पलीकडे जायला फेरीला काही मिनिटंच लागतात, त्यामुळे इथे गप्पा सुरू झाल्या तरी किनारा आला की अर्ध्यावर तुटतात. माझ्या शेजारी फुलाफुलांचा झगा घातलेली एक म्हातारी बाई उभी होती, हातात भाजीची पिशवी. तिनं पिशवीतून एक भेंडी काढली आणि अंगठ्यानं शेंडा मोडून पाहिला. कोवळी होती, चांगली काटकन मोडली. तरी बाईनं तोंड वाकडं केलं आणि भेंडी फिरवून फिरवून मला तिच्या कडा दाखवल्या. "बेळगांवची. पांच शिरांची." तिचं माहेर जुव्याचं. तिकडचे भेंडे सात शिरांचे, फिकट हिरवे, दीड-दीड वीत लांब. मी विचारलं, मग इथे दिवाडीला तुमचं काही शेत? तिनं हनुवटीनंच समोरचा किनारा दाखवला. "भात कोण करता आतां? मानशीर पागपाक मात सगळे आसात." शेत करायला कोणी नाही, मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाळं लावायला मात्र सगळे. फळी खाली पडली, पिकअप आधी उतरली, तिच्यामागून बाईही गेली.

बेटावर भाजी चालली होती.

पणजीत राहायला आल्यापासून मी ती फेरी कितीदा तरी केली असेल. अशा पिकअपही पाहिल्या असतील, पण त्या कुठल्या दिशेनं जातायत हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे ही मांडवीतली बेटं एके काळी पणजीच्या बाजाराला माल घालायची. जुव्याला तर गोव्यात 'शाकांचो जुंवो' म्हणतात, भाज्यांचं बेट. आपल्याला, म्हणजे घाटावर आणि कोकणात शाळा शिकलेल्यांना, जुवे माहीत असतं ते १६८३ च्या नोव्हेंबरातल्या त्या एका रात्रीपुरतं. मराठ्यांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज विजरईला मार खाऊन परतावं लागलं, संभाजीराजांनी भरतीच्या पाण्यात घोडा घालायला काढला. पुस्तकात तो किल्ला आहे, ती भरतीही आहे. त्या भरतीच्या पातळीखाली असलेल्या जमिनीत लोक भात कसं पिकवत होते, ते मात्र कुठल्याही धड्यात नव्हतं. त्या सात शिरांच्या भेंडीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. मानांकनाचा कागद इकडे आणि पाच शिरांची भेंडी तिकडे, असं काहीतरी चाललंय.

मी ज्यांच्याकडे चालले होते ते माझ्या ऑफिसातल्या एका मुलाचे वडील. त्याच्यासारखीच मीही त्यांना अंकल म्हणते, ते मला 'बाये' म्हणतात. त्यांची दिवाडीला खाजनातली, म्हणजे बांध घालून राखलेल्या भरतीच्या पातळीखालची, थोडी जमीन आहे आणि अजून ते कोरगुट भात लावतात. जेवण झाल्यावर मी मानस बघायची म्हटलं. ते हसले. आता काय दिसणार, ओहोटीला ये म्हणाले, रात्री. त्या रात्री मी शेवटची फेरी सोडून दिली आणि त्यांच्याकडेच राहिले.

बांधावरून चालताना एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला शेत, आणि शेत नदीपेक्षा खाली. ही गोष्ट वाचून कळत नाही, पायाला कळते. बांध मातीचा, मधे पेंढा आणि चिखल दाबून भरलेला, नदीच्या बाजूनं चिऱ्याचे दगड रचलेले, त्यांच्याही पुढे लाटांचा मार खायला खारफुटीची रांग. बांधाच्या पोटात एके ठिकाणी चिऱ्याची भिंत आणि त्यात लाकडी झडपा. हीच मानस. भरती चढू लागली की नदीच्या पाण्याच्या रेट्यानं झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं आणि त्या उघडतात. मोटर नाही, माणूसही लागत नाही. माणूस लागतो तो झडप अर्धी अडवून धरायला. भरतीच्या वेळी दार थोडं उघडं ठेवलं की पाण्याबरोबर मासा आत येतो, आतल्या ओहोळात, म्हणजे पोंयीत, चरतो, वाढतो. मग ओहोटीला दाराच्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावलं की बाहेर निघालेला सगळा माल त्यात.

त्या रात्री जाळं वर काढलं तेव्हा आधी बॅटरीच्या उजेडात कोळंबीचे डोळे चमकले, लालसर ठिपक्यांचा एक ढीग. मग शेवटे उड्या मारू लागले. चपटी काळुंद्रं होती, दोन-चार खेकडे जाळ्याला नांग्या लावून लटकले होते, आणि तळाशी एक चोणक, बऱ्यापैकी मोठा, तोंड उघडझाप करणारा. वास चिखलाचा, गंधकाची झाक असलेला, आणि त्यात ताज्या मासळीचा थंड वास. दोघं पोरं भराभर निवडत होती. मोठी कोळंबी एका टोपलीत, बारीक दुसऱ्या. बारीक परत पाण्यात टाकली नाही. अंकल काही बोलले नाहीत, फक्त जाळ्याचा आस दोन बोटांत धरून मला दाखवला. माझं करंगळीचं टोकही त्यातून गेलं नसतं.

जे दार मासा आत घेतं तेच मीठही आत घेतं. एवढीच सगळी भानगड आहे.

भाताचं वर्ष त्या मिठाभोवती बेतलेलं असतं. उन्हाळ्यात पोंयीतलं पाणी उतरवायचं, जमीन वाळू द्यायची, नांगरून ढेकळं उलथून ठेवायची. मिरगाचा पाऊस ढेकळांतलं मीठ विरघळवतो आणि ओहोटी ते मानशीतून नदीला परत देते. दोन-चार सरी अशा वाया घालवाव्या लागतात. मग मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं. कोरगुट, आसगो, मुणो, दामगो ही भातं थोडं मीठ सोसतात. कोरगुट तर उंच वाढतो, त्यामुळे शेतात पाणी तुंबलं तरी शेंडा वर राहतो. उतारा फार नाही, हेक्टरी दोन टनांच्या आसपास. पण त्याला युरिया लागत नाही, कारण नदीच्या गाळातच सगळं येतं, आणि कीड मासे-खेकडेच खातात. दसऱ्यादिवाळीच्या सुमारास कापणी झाली की दार पुन्हा सैल करायचं आणि मेपर्यंत मासा. बांधावर माड. वरच्या उतारावर भेंडी, वाल, अळसांदे. कुठे कुठे मिठागर. पेंढा गुरांना. गोवाभर मिळून अशी खाजनं सुमारे १८,००० हेक्टर आहेत असं सांगतात आणि ती घडवायला लोक शेकडो नव्हे, हजारो वर्षं राबले आहेत.

अंकलच्या घरी सकाळी कोरगुटाची पेज होती. तांबूस, जाडसर, उकड्या तांदळाचा तो भाजक्या मातीसारखा वास, बरोबर खारवलेली कैरी आणि सुकी गालमो, म्हणजे बारीक कोळंबी, खोबऱ्यात चुरलेली. बाजारातल्या उकड्यापेक्षा याची पेज दुपारपर्यंत भूक लागू देत नाही असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं. मला अकरालाच भूक लागली, पण तो माझ्या पोटाचा दोष.

या जमिनी कोणा एकाच्या नव्हत्या. गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, होत्या. तिसवाडीतल्या गावांच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये कागदावर आणल्या, तो आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याचा फोरल, म्हणजे सनद. त्यानं नवीन काही केलं नाही, जे चालू होतं ते लिहून घेतलं, आणि त्यातून सरकारी सारा पक्का झाला. गावानं शेतं लिलावानं कसायला द्यायची, मानशीचा वेगळा लिलाव करायचा, आलेल्या पैशातून आधी बांध, देऊळ, सारा, आणि उरेल ते गावकऱ्यांत जोण म्हणून वाटायचं. बांधाचा खर्च वाटणीच्या आधी. बांधाची राखण करायला पायणी असायचा. तो रोज फिरून खेकड्यांची बिळं बुजवायचा, कारण बांध फुटतो तो लाटेनं कमी आणि बिळानं जास्त. बोटभर भोकातून आज पाणी पाझरतं आणि अमावास्येच्या उधाणाला तिथूनच वावभर भगदाड पडतं. चिखल मऊ असतानाच तो त्यात मुठीनं कोंबायचा असतो, हे अंकलनी मला करून दाखवलं. मीही एक बीळ बुजवलं. खेकडा दुसऱ्या तोंडानं बाहेर आला.

गावकरीचं कौतुक ऐकताना मला दरवेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. जोण मिळायची ती वंशानं गावकार असलेल्या पुरुषांना. डोक्यावर चिखलाच्या पाट्या वाहणाऱ्या कुणबी-गावड्यांना मजुरी, आणि बाईला तर हिशेबात नावच नाही. फेरीवरच्या त्या म्हातारीनं जन्मभर जी भेंडी लावली, तिच्या माहेरच्या वहीत तिचा उल्लेख कुठेही नसणार. तेव्हा 'पूर्वी किती छान होतं' म्हणणाऱ्यांत मी नाही. आणि भांडणंही कमी नव्हती. ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरांचा उत्सव होतो, वाड्यावाड्यांच्या झेंड्यांची मिरवणूक. पर्यटक रंग बघायला येतात. मूळ गोष्ट हद्दीच्या भांडणाची, पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवले आणि लोकांनी ते पाडले. आता ज्या जमिनीच्या वितीवितीसाठी डोकी फुटली ती अर्धीअधिक पडीक, आणि झेंडे दरवर्षी नवे.

मी मूळची अलिबागकडची, खारेपाटातली. आजोबांचं घर धरमतरच्या खाडीच्या अंगाला. त्यामुळे मानस बघताना मला पहिल्यांदा आठवली ती आमची उघाडी. तिथेही तेच, बाहेरकाठा, उघाडी, आत भाताची शिवारं, आणि घराघरामागे तळं. तळ्यात जिताडा. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्लं आणून सोडायची आणि दोन-तीन वर्षांनी काढायची. तो आम्ही खायचो असं नाही. तालुक्याच्या गावात एखादं काम अडलं की जिताडा केळीच्या पानात बांधून जायचा, आमच्या वाट्याला डोकं किंवा रस्सा. आजी म्हणायची, आपल्या तळ्यातले मासे आपल्यापेक्षा साहेबालाच जास्त ओळखतात. लाल रत्याचा भात मात्र आमचा आम्ही खायचो. तो तांबडा, सरसरीत भात आणि वर वालाचं बिरडं.

खांड गेल्याची, म्हणजे बांध फुटल्याची, हाक आली की मात्र घरातला एक माणूस फावडं घेऊन निघालाच पाहिजे. जोळ पद्धत होती आमच्याकडे. ज्याचं शेत, त्याच्या वाट्याला बांधाची ठरावीक लांबी, आणि खांड पडली तर सगळे. रात्री उधाणाच्या पाण्यात कंबरभर उभे राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देणाऱ्या माणसांची ओळ मी लहान असताना एकदाच पाहिलीय, कंदिलाच्या उजेडात, आजोबांच्या धोतराचा काष्टा चिखलानं काळा झालेला. चहा करून नेला होता आईनं. एकानंही हात थांबवून प्यायला नाही. त्याच मुलखात १९३३ पासून सहा-सात वर्षं चरीच्या शेतकऱ्यांनी जमिनी मुद्दाम पडीक ठेवल्या होत्या, खोतांविरुद्ध. लोक भाजी-लाकूड विकून जगले, पण शेत कसलं नाही. तेव्हाच्या पडीक शेतामागे मागणी होती. आज खारेपाटात आणि दिवाडीला शेत पडीक दिसतं तेव्हा त्याच्याकडे काही मागणं नसतं, ते आपलं पडून असतं. आमचंही पडलंय. बांध फुटल्यावर तो आपला की सरकारचा या वादात दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या वर्षी जमिनीवर पांढरा थर दिसला. चुलत्यांनी ती विकून टाकली. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. फोनवर ऐकलं आणि सबमिशनच्या गडबडीत विसरले.

गोव्यात काय बिघडलं ते एका वाक्यात सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात, आणि प्रत्येकाचं वाक्य वेगळं. कोणी म्हणतं, कूळकायदा. १९६४ चा कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती, जमीन कसणाऱ्याची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण गावकरीच्या तिजोरीतून होणारा बांधाचा खर्च कोणी करायचा, तर कुळांच्या संघटनेनं. १९७५ च्या नियमांत तशी संयुक्त जबाबदारी लिहिलेली आहे. लिहिलेली आहे खरी. संघटनेचा अर्धा सभासदवर्ग आखातात, बोटीवर किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, आणि राहिलेल्यांतल्या कित्येकांना शेतापेक्षा मानशीचा लिलाव जवळचा, कारण पैसा तिथे आहे. कोणी बार्जना दोष देतं. खनिजानं भरलेल्या बार्ज वर्षानुवर्षं मांडवीतून गेल्या, त्यांच्या लाटांनी बांध खाल्ले. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मग २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, खाल्लेले बांध काही भरून आले नाहीत.

माझ्या मनात कोळंबीचा हिशेब जास्त घोळतो. भाताच्या एका पोत्याला जे मिळतं ते चांगल्या कोळंबीच्या एका टोपलीला मिळतं, आणि टोपलीसाठी चिखल तुडवावा लागत नाही. लिलाव घेणाऱ्याला वर्षभराचे पैसे वसूल करायचे असतात. मग जूनमध्येही दार जरा सैल राहतं. शेजारच्याचं बी जळतं. तो एक वर्ष बघतो, दोन वर्षं बघतो, तिसऱ्या वर्षी शेत सोडतो. शेत सुटलं की दार उघडंच ठेवायला कोणाची हरकत राहत नाही. नव्वदीच्या दशकात तर कोळंबीच्या तळ्यांची हवाच होती. मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तळी बंद पडली. त्या तळ्यांची जमीन भाताकडे परत आली नाही. तिथे खारफुटी उगवली.

खारफुटीबद्दल मला नक्की काय वाटतं ते मला ठरवता येत नाही. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात मी हिवाळ्यात जाते, १७८ हेक्टर नुसती खारफुटी, मुळांच्या जाळीतून खंड्या सटकन निघून जातो. त्याच झाडांनी बांध राखले. पण तीच झाडं सोडलेल्या शेतात शिरली की ते शेत संपलं, कारण खारफुटी तोडायला कायद्यानं बंदी. अंकलच्या शेजारच्या खाचरात माणसाच्या उंचीची झाडं आलीत. मुलगा परत आला आणि शेत करायचं म्हणाला तरी त्याला आता करता येणार नाही. त्या झाडांवर बगळे बसलेले होते आणि छान दिसत होते, हेही खरं.

केरळातल्या पोक्काळीच्या शेतांत नेमकी हीच शेती चालते, तिथे तारखा बांधून दिल्यात. १५ नोव्हेंबर ते १४ एप्रिल कोळंबी, मग दार बंद आणि भाताची तयारी. तिथेही वर्षभर मासाच करू म्हणणारे आहेत, तिथेही कोर्टकचेऱ्या झाल्या. पण भांडायला निदान एक तारीख तरी आहे. आमच्या इथे प्रत्येक मानशीवर नवी बोलणी.

आणि तरी, बेट स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन सापडल्याची बातमी आली आणि गोव्यात लोकांनी आठवडाभर मासे खाल्ले नाहीत. मी स्वतः पणजीच्या बाजारात रिकाम्या कट्ट्यांकडे बघत उभी होते. दोन वर्षांनी टाळेबंदी. बेळगावच्या गाड्या अडल्या, दूध नाही, भाजी नाही, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पाण्यानं भरलेल्या या राज्यात लोक कांद्यासाठी रांगेत. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला 'स्वयंपूर्ण गोवा' ही सरकारी मोहीम सुरू झाली. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण गोवा कधीच सगळं स्वतःचं पिकवत नव्हता. १९५५ च्या आसपास भारतानं आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीजांनी पाकिस्तानातून तांदूळ आणला, हॉलंडहून बटाटे आणले. अंकलना ते बटाटे आठवतात, म्हणतात गोड होते. तेव्हाही तांदूळ बाहेरूनच यायचा. फरक एवढाच की बेटावरून येणाऱ्या होडीत काहीतरी असायचं. भेंडी, मीठ, शेवटे, नारळ, पेंढा. फेरीच्या दोन्ही दिशांना माल होता.

योजना बघायला गेलं तर मासळीच्या पिंजऱ्यांना अनुदान आहे, भाताच्या बियाण्याला आहे, बांधाच्या दुरुस्तीला आहे, खारफुटी लावायलाही आहे. चार कचेऱ्या, चार अर्ज. जुन्या गोव्यातल्या कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवडून जास्त उताऱ्याची वाणंही काढली आहेत, 'गोवा धान' नावानं, आणि ती खरंच चांगली आहेत असं लावणारे सांगतात. जुव्यावर आणि आणखी काही गावांत चर्चच्या पुढाकारानं पडीक शेतं पुन्हा लावली गेली, यंत्रं आणून. पण कापणीचं यंत्र खाजनात रुततं. आणि कुठल्याही अर्जात तो एक रकाना नाही: दार कोण मिटणार. पिंजऱ्यातला चोणक वाढवता येईल, तो पंचतारांकित हॉटेलात जाईल, बेटाचं उत्पन्न वाढेल, कागदावर बेट स्वयंपूर्ण होईल आणि पिकअप भाजी घेऊन बेटावर येतच राहील. मला हा विचार आवडत नाही. पण पिंजरा लावणाऱ्या पोराला मी काय सांगणार? त्याचं लग्न व्हायचंय आणि कोरगुटावर लग्न होत नाही, हे त्याच्या आईनंच मला सांगितलं.

अंकलना मात्र भाव विचारला तर राग येतो. भात एकट्याचा हिशेब करायचाच नसतो म्हणतात. त्यात पेंढा धर, गाय धर, बांधावरचे माड धर, पोंयीतला मासा धर, आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा काढ. यंदा मानशीच्या लिलावात त्यांनी एक अट घालायला सांगितलीय: पहिल्या पावसापासून कापणीपर्यंत दाराची किल्ली भात लावणाऱ्यांकडे, आणि आत ठरलेल्या खुणेवर पाणी चढलं तर लिलाववाल्यानं नुकसान भरायचं. बैठकीत भांडण झालं. भात लावणारे आहेत मोजके, लिलावात पैसे मिळणारे सगळे. लिलाव घेणारा म्हणाला, मग बोली निम्मी. शेवटी अट घातली, पण किल्लीचं काय ते पुढच्या बैठकीवर गेलं. झडपांच्या फळ्या बदलायच्या आहेत, एक कुजलीय, पैसे कोणी द्यायचे तेही पुढच्याच बैठकीत. "उदक आमच्या बैठकेक रावना," पाणी आमच्या बैठकीसाठी थांबत नाही, असं त्यांनी तिथे म्हटलं, आणि लोक हसले, आणि उठून गेले.

निघताना मी त्यांच्याकडे वर्षाचा कोरगुट मागितला, बाजारभावानं, हवं तर जास्त देऊन. ते म्हणाले विकायला नाही. मला वाटलं कमी असेल. तसं नव्हतं. तांदूळ हवा असेल तर मे महिन्यात बांधाला चिखल लावायला ये, मुलाला सुट्टी मिळत नाही आणि मजूर मिळत नाहीत, एक माणूस एक पोतं. मी पन्नाशीला आलेली, पाठीचा पट्टा कपाटात. तरी हो म्हणून बसले, आणि विचारलं, काय काय आणू, गमबूट घेऊ का?

"बूट हाडूं नाका, बाये. ते चिखलांतूच उरतले."